प्लांटेड टँकसाठी लिक्विड खत कुठलं घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लांटेड टँक म्हणजे माशांबरोबर जिवंत पाणवनस्पती लावलेला काचेचा टँक, आणि त्याबद्दल दर आठवड्याला मला पाच-सहा जणांचे तरी फोटो येतात. एका फोटोत पिवळं पडलेलं पान, दुसऱ्यात दुकानात हातात धरलेली बाटली आणि खाली एकच ओळ, "ताई, ही घेऊ का?" मग मी उलटं विचारते की टँक किती लिटरचा, मासे किती, लाइट किती तास, पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, आणि या चार गोष्टी कळल्या की बाटलीचं उत्तर बहुतेक वेळा आपोआपच मिळतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून सगळे इथे एकत्र लिहिलेत. उत्तरांमध्ये जिथे "प्र. ४ बघा" असं असेल तिथे खरंच जाऊन बघा, तेच परत लिहिलेलं नाही.

१. मासे आहेतच की टँकमध्ये, त्यांची घाण हेच खत नाही का? वेगळं लिक्विड कशाला?

अर्धं बरोबर आहे. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो, मासे भरपूर असतील तर चांगला मिळतो. पण पोटॅशियम आणि लोह त्यातून फारसं मिळत नाही, आणि नळाच्या पाण्यातही या दोन गोष्टी सहसा नगण्यच असतात. पुरणपोळ्यांचं उदाहरण घ्या, डाळ-गूळ पातेलंभर आहे पण कणीक चारच पोळ्यांची मळलीय, तर पोळ्या चारच होणार. रोपाचंही तसंच, जे सगळ्यात कमी आहे त्यावर वाढ अडते, बाकीचं कितीही असलं तरी. हा नियम शेतीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या नावाने ओळखला जातो आणि टँकला जसाच्या तसा लागू पडतो.

दोन अनुबियास, एक जावा फर्न (दोन्ही हळू वाढणारी रोपं) आणि वीस गप्पी मासे असा टँक असेल तर महिनोन्महिने काही न घालताही चालतं. दाट रोपं लावलीत तर नाही चालत.

२. बाटल्यांवर मॅक्रो, मायक्रो, ऑल-इन-वन असं लिहिलेलं असतं, म्हणजे काय?

मॅक्रो म्हणजे रोपाला जास्त प्रमाणात लागणारं: नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. मायक्रो म्हणजे किंचित लागणारं पण लागणारच: लोह, मँगेनीज, बोरॉन, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम वगैरे. मधल्या प्रमाणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, हे बहुतेक वेळा पाण्यातूनच येतं (आरओ वापरणाऱ्यांनी प्र. १२ बघा). ऑल-इन-वनमध्ये दोन्ही एकत्र असतात.

गोंधळ कुठे होतो सांगते. बाजारात कित्येक बाटल्यांवर "कंप्लीट" लिहिलेलं असतं आणि आत नायट्रोजन-फॉस्फरस नसतोच किंवा नावापुरता असतो, कारण शेवाळ येईल या भीतीने लोकांना तीच बाटली सुरक्षित वाटते. अशी बाटली वाईट नाही, पण ती माशांनी भरलेल्या टँकसाठी आहे. म्हणून समोरचं मोठं नाव सोडा, मागचं बारीक लेबल वाचा.

३. मग माझ्या टँकला यातली कुठली?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

रोपं थोडी आणि हळू वाढणारी, मासे बऱ्यापैकी, लाइट साधा: तुम्हाला मायक्रो अधिक पोटॅशियम असलेली बाटली पुरते. नायट्रोजन-फॉस्फरस मासे देतायत, वरून परत कशाला घालायचा. ट्रोपिका कंपनीची "प्रीमियम" ही याच प्रकारची, तिच्यात नायट्रोजन-फॉस्फरस नाही. सीकेमची "फ्लरिश" म्हणजे मुख्यतः मायक्रो, तिच्यात पोटॅशियमही फार नाही, त्यामुळे पोटॅशियम वेगळं बघावं लागतं.

रोपं दाट, त्यात रोटाला-ल्युडविजियासारखी भराभर वाढणारी स्टेम प्लांट्स (उभ्या देठाची रोपं) आणि मासे म्हणजे आठ-दहा छोटे टेट्रा: इथे नायट्रोजन आणि फॉस्फरस असलेली ऑल-इन-वनच घ्या. ट्रोपिकाची "स्पेशलाइज्ड" ही तशी, आणि आपल्याकडे हॉबीतल्या लोकांनी बनवलेल्याही चांगल्या मिळतात. याच टँकला लोक मायक्रोची बाटली घालत राहतात आणि रोपं उपाशी राहतात, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली बरीच मोठी संख्या हीच असते.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आणि जोरदार लाइट असेल तर रोपांची भूक कित्येक पटीने वाढते. तिथे पूर्ण डोसमध्ये ऑल-इन-वन किंवा मग मॅक्रो आणि मायक्रो वेगवेगळ्या बाटल्यांत, म्हणजे एक कमीजास्त करता येतं.

आणि अजून ठरत नसेल तर आधी दोन आठवडे नुसतं बघा. वॉटर चेंजच्या आधी नायट्रेट मोजा (प्र. १७). २०-३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दिसतंय तर मासे पुरेसं देतायत, शून्याजवळ दिसतंय तर नायट्रोजन असलेली बाटली हवी. एवढ्या एका आकड्याने अर्धा निर्णय होतो.

४. लेबलवर नुसते टक्के असतात, त्यावरून काय समजायचं?

एकदा शिकून घ्या, आयुष्यभर कामाला येतं. समजा नायट्रोजन १.५% लिहिलंय. म्हणजे १ मिलीमध्ये साधारण १५ मिलिग्रॅम नायट्रोजन. नायट्रेटमध्ये बघायचं तर ४.४३ ने गुणा, झाले सुमारे ६६ मिलिग्रॅम. हे ५० लिटर पाण्यात टाकलं तर ६६ भागिले ५०, म्हणजे १.३ पीपीएम. बास, १ मिलीने तुमच्या टँकचं नायट्रेट १.३ ने वाढलं. आता दुसऱ्या बाटलीवर ०.१% असेल तर त्याच टँकमध्ये १ मिलीने वाढणार ०.०९, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन्ही बाटल्यांवर "नायट्रोजनयुक्त" लिहिलेलं असू शकतं.

अजून एक. खतांच्या लेबलवर फॉस्फरस आणि पोटॅशियम बऱ्याचदा ऑक्साइडच्या रूपात देतात, शेतीतली जुनी पद्धत आहे ती. पोटॅशियमचा तो आकडा ०.८३ ने गुणा, फॉस्फरसचा ०.४४ ने, मग खरं प्रमाण कळतं. आणि नायट्रोजन कुठल्या रूपात आहे तेही बघा: नायट्रेट, युरिया की अमोनियम (का ते प्र. १५ मध्ये).

ज्या बाटलीवर घटकांचे आकडेच नाहीत ती मी घेत नाही, कितीही छान डबी असू दे.

५. महाग बाटलीच चांगली असते का?

नाही. किंमत मिलीवर नाही, पीपीएमवर काढा. प्र. ४ चा हिशोब करून बघा की तुमच्या टँकला आठवड्याला जेवढं लागतं त्याला किती मिली जातील आणि बाटली किती आठवडे पुरेल. पातळ स्वस्त बाटली महिन्यात संपते, घट्ट महाग बाटली वर्षभर जाते, असं पुष्कळदा निघतं. महाग बाटलीत लोहाचा चेलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन) चांगला असू शकतो, तो फरक मात्र खरा आहे (प्र. १२).

६. डोस किती घालायचा? बाटलीवर लिहिलाय तेवढा?

बाटलीवरचा डोस सरासरी टँकसाठी असतो. मी कायम अर्ध्यापासून सुरू करायला सांगते, तीन आठवडे तोच ठेवायचा, नवीन पानं बघायची आणि मग वाढवायचा.

आधी टँकमधलं पाणी नीट मोजा. दोन फूट बाय एक बाय एक फुटाचा टँक कागदावर ५६ लिटरचा होतो, पण माती, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी ४०-४५ लिटरच निघतं. आणि झाकणाने अंदाजे ओतू नका. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, दहा-वीस रुपयांत काम होतं. माझ्या नॅनो टँकमध्ये मी सुरुवातीला झाकणाने ओतायचे, झाकणात ५ मिली मावतं असं समजून. सिरिंजने मोजलं तेव्हा ते ८ मिली निघालं आणि टँक होता १५ लिटरचा. तेव्हापासून सिरिंज टँकच्या बाजूलाच रबरबँडने बांधलेली असते.

साचण्याचा हिशोबही लक्षात ठेवा. रोपांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तरी, आठवड्याला ५०% पाणी बदलत असाल तर टँकमधलं प्रमाण आठवड्याच्या डोसच्या जास्तीत जास्त दुप्पट होतं. २५% बदललं तर चौपट. म्हणजे वॉटर चेंज टाळणाऱ्यांनी डोस कमी ठेवावा. हॉबीतला जाणकार टॉम बार याची एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धत याच गणितावर उभी आहे, मुबलक घाला आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, पण ती सीओटू आणि जास्त लाइटच्या टँकसाठी आहे, तुमच्या साध्या टँकला तिचा पूर्ण डोस नको.

७. रोज घालू की आठवड्यातून एकदा?

साध्या टँकला वॉटर चेंजनंतर एकदा पुरे. सीओटू असेल तर आठवड्याचा डोस सहा-सात भागांत वाटून रोज सकाळी लाइट लागायच्या आधी. मॅक्रो-मायक्रो वेगळे असतील तर एक दिवस हे, एक दिवस ते, कारण लोह आणि फॉस्फेट घट्ट स्वरूपात एकत्र आले तर साका तयार होतो आणि दोन्ही वाया जातं.

८. खत घातलं की शेवाळ होतं ना? मला तीच भीती वाटते.

भीती समजते, मलाही वाटायची. पण शेवाळाला लागणारं अन्न इतकं थोडं असतं की ते तुम्ही काही न घालताही त्याला मिळतं. उपाशी मरतात ती रोपं, आणि मरणाऱ्या पानांतून जे पाण्यात झिरपतं त्यावर शेवाळ पोसतं. अनुबियासच्या पानांवर आणि काचेवर घट्ट हिरवे ठिपके येतात ना, ते तर बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्यावर वाढतात. निळसर हिरवा, वास मारणारा चिकट थर येतो तो अनेकदा नायट्रेट शून्यावर असलेल्या टँकमध्ये.

शेवाळाची खरी कारणं बहुतेक वेळा लाइट दहा-बारा तास चालू, खिडकीतून येणारं ऊन, रोपं कमी, खाद्य जास्त, फिल्टर तुंबलेला. लाइट सहा-सात तासांवर आणा, टायमर लावा, मग खताकडे वळा. रोपं अगदीच कमी असतील आणि तुम्ही पूर्ण डोस ओतत असाल तर मात्र गडबड होणारच, खायला कोणीतरी पाहिजे.

९. पानं पिवळी पडतायत / भोकं पडतायत. कशाची कमी आहे हे कसं ओळखू?

पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा, की जुनी पानं बिघडलीत की नवीन? नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे रोप जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून यांची कमी खालच्या जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन असं हलवता येत नाही, म्हणून त्यांची कमी शेंड्याकडे दिसते.

जुनं पान सगळंच पिवळं होऊन गळतंय, तर नायट्रोजन. जुन्या पानावर बारीक भोकं, तर पोटॅशियम. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, तर मॅग्नेशियम. नवीन पान फिकट, जवळजवळ पांढरं आणि शिरा हिरव्या, तर लोह. नवीन पान वाकडंतिकडं, आखडलेलं, तर कॅल्शियम, किंवा सीओटू खालीवर होतोय.

माझ्या जावा फर्नचं सांगते. जुन्या पानांवर काळपट ठिपके आले, मी ते गोगलगायींचं काम समजून गोगलगायी काढत बसले. एका रात्री पानामागून टॉर्च धरली तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली, प्रत्येक भोकाभोवती तपकिरी कड आणि तिच्याभोवती पिवळट वर्तुळ. गोगलगाय खाते तेव्हा अशी कड नसते. तेव्हा मी जी बाटली वापरत होते तिच्यावर "संपूर्ण पोषण" असं होतं आणि मागच्या लेबलवर पोटॅशियमचं नावही नव्हतं, तीन महिने घातली होती ती. पोटॅशियम सल्फेट वेगळं सुरू केलं आणि साधारण तीन आठवड्यांनी जी पानं आली ती अखंड होती. जुनी भोकं भरत नाहीत हे लक्षात घ्या, त्यांच्याकडे बघून डोस वाढवत जाऊ नका, नवीन पान काय सांगतंय ते बघा.

१०. आठवड्यापूर्वी आणलेल्या रोपांची पानं विरघळतायत, खत वाढवू का?

नको. नर्सरीत बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली आली की ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यातली नवीन पानं काढतात. क्रिप्टचं (क्रिप्टोकोरायने) तर प्रसिद्धच आहे, जागा बदलली तरी सगळी पानं टाकतं आणि मुळातून परत फुटतं. सडलेली पानं कापून काढा, मूळ हलवू नका, अर्धा डोस चालू ठेवा आणि वाट बघा. क्रिप्ट मेलं समजून फेकून देऊ नका हो, फार वाईट वाटतं असं कोणी लिहिलं की.

११. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्ट, लिली यांना लिक्विड पुरतं की रूट टॅब पाहिजे?

यांना मुळातून खायला आवडतं, तेव्हा साध्या वाळूत असतील तर दोन-तीन महिन्यांनी मुळाशी एक रूट टॅब (खताची गोळी) खोल दाबा. लिक्विड सोडायची गरज नाही, दोन्ही चालतं. उलट अनुबियास, जावा फर्न, बुसेफलँड्रा, मॉस आणि तरंगणारी रोपं पूर्णपणे पाण्यातूनच खातात, त्यांच्यासाठी टॅब म्हणजे पैसे वाया.

अ‍ॅक्वासॉइल (टँकसाठीची खतयुक्त माती) असेल तर पहिले काही आठवडे तीच अमोनिया सोडत असते, तेव्हा पाणी जास्त वेळा बदला आणि नायट्रोजनवालं खत थांबवा. पोटॅशियम आणि मायक्रो थोडं चालेल. पुढे सॉइलचा जोर ओसरला की, बहुतेक वर्षभराच्या आसपास, प्र. ३ प्रमाणे ठरवा.

१२. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, पीएच ८ च्या आसपास. लोह घालूनही पानं फिकटच. का?

कारण लोह पाण्यात टिकतच नाही. लोह विरघळलेलं राहावं म्हणून त्याला चेलेट लावतात, आणि प्रत्येक चेलेटची पीएचची मर्यादा असते. ईडीटीए साधारण साडेसहा-सातपर्यंत चांगलं धरतं, डीटीपीए साडेसातपर्यंत, ईडीडीएचए नऊपर्यंतही. ग्लुकोनेट रोपाला लगेच मिळतं पण पाण्यात फार वेळ राहत नाही, म्हणून थोडं थोडं वारंवार घालावं लागतं. तुमच्या बाटलीत ईडीटीए असेल तर कडक पाण्यात त्यातलं बरंच लोह वाया जातं. डीटीपीएवालं त्याहून बरं, पण पीएच ८ ला ईडीडीएचएवालंच बघा. ईडीडीएचएने पाणी लालसर दिसतं, ते अपायकारक नाही पण काहींना आवडत नाही.

पुण्यात मला दोन्ही अनुभव येतात, धरणाचं पाणी येतं तोवर ते मऊ असतं आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की तेच टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) तिप्पट आकडा दाखवतं. त्या दोन महिन्यांत मी एकदम मोठा वॉटर चेंज करत नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं, म्हणून नळाचं पाणीही एकदा मोजा.

नुसतं आरओ वापरणाऱ्यांनी मात्र उलटी काळजी घ्यायची. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, आणि ते बहुतेक खतांत पुरेसं नसतं. जीएच (पाण्याचा कडकपणा) वाढवणारं मीठ घाला किंवा थोडं नळाचं पाणी मिसळा.

१३. "लिक्विड कार्बन" घेतलं तर खत लागणार नाही ना?

ते खत नाही. त्यात ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याच्या जवळचं रसायन असतं, हॉस्पिटलमध्ये उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात त्या जातीचं. शेवाळ मारायला त्याचा उपयोग होतो, पण सीओटूची जागा ते घेत नाही. व्हॅलिस्नेरिया, मॉस, रिक्सिया याने वितळू शकतात. वापरायचंच असेल तर हातमोजे घाला, डोस ओलांडू नका आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

१४. खतात तांबं आहे असं वाचलं. माझ्याकडे चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या) आहेत, मरतील का?

सांगितलेल्या डोसमध्ये नाही. रोपांनाही तांबं किंचित लागतंच आणि चांगल्या बाटलीत ते चेलेट केलेलं, फार सूक्ष्म प्रमाणात असतं. धोका आहे तो चौपट-पाचपट डोस पडण्याचा, आणि माशांच्या तांबंवाल्या औषधांचा, ती श्रिंपच्या टँकमध्ये अजिबात नकोत. श्रिंप असतील तर अर्ध्या डोसने सुरू करा आणि रोजचा छोटा डोस ठेवा. माझ्याकडे तीन वर्षं ऑल-इन-वनवरच श्रिंप पिल्लं देतायत. ती मरतात तेव्हा कारण बहुतेक वेळा अमोनिया किंवा पाण्यातला अचानक बदल असतं.

१५. कुंडीसाठी आणलेलं १९:१९:१९ आहे, जीवामृत आहे, केळीच्या सालीचं पाणी आहे, यातलं काही चालेल?

तिन्ही नको. १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियमचे आकडे) मधला बराचसा नायट्रोजन युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. टँकमध्ये त्याचा अमोनिया होतो, आणि पीएच ७ ला त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो तर पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे बोअरच्या पाण्यात तेच खत कितीतरी जास्त घातक. (टँकसाठीच्या काही खतांत थोडा युरिया-अमोनियम मुद्दाम असतो, पण तो मोजून ठेवलेला असतो आणि डोस लहान असतो.)

जीवामृत, गोमूत्र, गांडूळखताचं पाणी जमिनीत उत्तम, कारण तिथे माती आणि जिवाणू ते पचवतात. टँकच्या चाळीस लिटरमध्ये ते सडतं, ऑक्सिजन खातं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. केळीच्या सालीचंही तेच.

१६. मग घरी स्वस्तात बनवता येत नाही का? माझे काका द्राक्षबागेला १३:००:४५ वापरतात.

येतं, आणि काकांकडचं ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, टँकसाठीही नेमकं तेच वापरतात. ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ठिबकने देतात ती पूर्ण विरघळणारी, रंग किंवा मायक्रो न मिसळलेली घ्या. १२:६१:०० घेऊ नका, तो अमोनियम फॉस्फेट आहे.

५०० मिली आरओ पाण्यात १३:००:४५ चे ४० ग्रॅम आणि ००:५२:३४ चे ३.५ ग्रॅम विरघळवा. ५० लिटर पाण्यात याच्या १ मिलीने नायट्रेट साधारण १ पीपीएम, फॉस्फेट ०.१ आणि पोटॅशियम ०.६ च्या आसपास वाढतं. साध्या टँकला आठवड्याला ४-५ मिलीपासून सुरू करा. वजन दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावरच, चमच्याने नाही. मायक्रो वेगळं विकत घ्या आणि वेगळ्या बाटलीत ठेवा, कारण प्र. ७ मध्ये आहे. पोटॅशियम नायट्रेट आग भडकवतं, म्हणून गॅसजवळ, देवघराजवळ नको, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

काकांकडे पिशवी असेल तर पाव किलो मागून आणा, वर्षानुवर्षं पुरेल.

१७. टेस्ट किट घेऊ का? टीडीएस मीटर आहे माझ्याकडे.

टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून एक आकडा देतं, त्यातलं नायट्रेट किती ते सांगत नाही. एकच किट घ्यायचं तर नायट्रेटचं लिक्विड किट घ्या. त्यातली दुसरी बाटली सांगितल्याप्रमाणे जोरजोरात हलवायची असते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो, आणि मग लोक खत वाढवतात. साध्या टँकमध्ये वॉटर चेंजआधी ५ ते २० पीपीएममध्ये असलं की मी समाधानी असते.

१८. रोटाला लाल होत नाही. लोह वाढवू?

एवढ्याने होत नाही. लोह कमी असेल तर घातल्याने फरक पडतो, पुरेसं असेल तर जास्त घालून लाली येत नाही. लाली मुख्यतः लाइटच्या ताकदीवर, आणि रोटुंडिफोलियासारख्या जातींत नायट्रेट कमी ठेवण्यावर येते. पण नायट्रेट कमी ठेवायचं म्हणजे बाकीचं सगळं व्यवस्थित असायला हवं, नाहीतर रोप फक्त अशक्त होतं. रोटाला मॅक्रँड्रा या जातीवर हा प्रयोग करू नका, ती उपाशी ठेवली तर खचते.

ही रोटाला मॅक्रँड्रा आपल्याच पश्चिम घाटातली आहे, आणि क्रिप्टोकोरायने स्पायरॅलिसही इथल्याच ओढ्यांतलं. म्हणून कळकळीने सांगते, सडे-पठारांवरून उपटून आणू नका. कास पठारावरच्या वायतुरा या रानरोपाच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे, तो टँकसाठी नाही. नर्सरीतली रोपं घ्या.

१९. गणपतीला दहा दिवस कोकणात जातोय. शेजाऱ्यांना खत घालायला सांगू का?

नका सांगू. निघायच्या दिवशी निम्मं पाणी बदला, नेहमीचा एक डोस घाला, लाइटचा टायमर पाच तासांवर आणा, सीओटू असेल तर तोही त्याबरोबर. लाइट कमी झाला की भूकही कमी होते. शेजाऱ्यांना माशांचं खाद्य दिवसागणिक कागदाच्या पुड्या बांधून द्या आणि खताची बाटली कपाटात ठेवून जा.

२०. बाटलीत पांढरे तंतू दिसतायत / तळाशी गाळ बसलाय. वापरू का?

तंतू म्हणजे बुरशी. बाटलीतलं सिरिंजने परत आत सोडलं, किंवा सिरिंज टँकमध्ये बुडवून मग बाटलीत घातली की हे होतं. थोडी असेल तर गाळून वापरणारे आहेत, मी फेकते. गाळ हलवल्यावर विरघळला तर ठीक, तांबूस गाळ विरघळत नसेल तर लोह बाहेर पडलंय, त्या बाटलीतून आता लोह मिळणार नाही. अंधारात ठेवा, उजेडाने लोहाचे चेलेट तुटतात.

२१. घरातल्यांनी चुकून दुसऱ्यांदा डोस घातला. किंवा मुलाने अर्धी बाटलीच ओतली. आता?

दुप्पट डोस झाला तर घाबरू नका, पुढचा डोस सोडून द्या, बास.

अर्धी बाटली ओतली असेल तर लगेच निम्मं पाणी काढा, क्लोरीन काढलेलं तेवढ्याच तापमानाचं पाणी भरा, एक तास थांबा आणि परत निम्मं. दोनदा निम्मं म्हणजे तीन चतुर्थांश खत बाहेर गेलं. तिसऱ्यांदा केलं तर आठवा भाग उरतो. एअर पंप चालू ठेवा, फिल्टर बंद करू नका, त्या दिवशी खाद्य देऊ नका. श्रिंप असतील तर एकदम निम्मं नको, पाव-पाव भाग करत पाच-सहा वेळा बदला आणि नवीन पाणी बारीक नळीने हळू सोडा. नंतर तीन दिवस रोज अमोनिया मोजा, कारण खतात युरिया असेल तर त्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.